निर्णय कोठे होतो? : कुंडल परिसरातील उद्योगांची संघटनरचना व निर्णयप्रक्रिया

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांच्या अध्यापनात 'व्यवसाय संघटन' हे प्रकरण बहुधा एका आकृतीपासून सुरू होते. वर संचालक मंडळ, त्याखाली व्यवस्थापकीय संचालक, त्याखाली विभागप्रमुख, त्याखाली पर्यवेक्षक व तळाशी कामगार अशी ती चढती-उतरती आकृती विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत काढून दाखवितात. उदाहरणे दिली जातात ती मोटारी बनविणाऱ्या अमेरिकन कंपन्यांची. या आकृतीतून कोण कोणाचा वरिष्ठ आहे हे समजते. मात्र कोणता निर्णय प्रत्यक्षात कोठे घेतला जातो, तो घेण्यासाठी लागणारी माहिती कोणाजवळ असते आणि निर्णय चुकल्यास नुकसान कोणाच्या पदरी पडते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत.

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव या प्रश्नांच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे. गावापासून काही किलोमीटरवर, पुणे-मिरज लोहमार्गावर, किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत १९१० पासून उभी आहे. गावाच्या परिसरात क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे. एक भांडवली कंपनी व दुसरी सहकारी संस्था. एकीत मताचे मोल भागांच्या संख्येवर, तर दुसरीत प्रत्येक सभासदाला एकच मत. एकाच पाण्यावर व एकाच मातीत वाढलेल्या या दोन संघटनप्रकारांची तुलना हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. साखर कारखान्यांविषयीचे विवेचन कोणत्याही एका कारखान्यापुरते नसून दक्षिण महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या रचनेविषयीचे आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

फ्रेंच खाण अभियंता हेन्री फेयॉल याने १९१६ मध्ये मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकी 'आज्ञेची एकता' हे तत्त्व सर्वपरिचित आहे : एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. त्याआधी १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर याने याच्या नेमके उलट, म्हणजे एका कामगारावर कामाच्या स्वरूपानुसार अनेक तज्ज्ञ मुकादम असावेत, असे सुचविले होते. पाठ्यपुस्तके ही दोन्ही मते शेजारी शेजारी छापतात व पुढे जातात. वस्तुतः हा मतभेद मूलभूत आहे. फेयॉलला शिस्तीची काळजी होती, तर टेलरला ज्ञानाची.

हर्बर्ट सायमन याने १९४७ मध्ये या वादाला वेगळे वळण दिले. कोणाही माणसाची माहिती गोळा करण्याची व तिचा विचार करण्याची शक्ती मर्यादित असते. म्हणून संघटना निर्णयाचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा ठरावीक जागी ठेवते, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहिल्यास संघटनेचा तक्ता हा पदांचा न राहता निर्णयांच्या वाटपाचा नकाशा ठरतो. यापुढील विवेचनात हाच नकाशा शोधण्याचा प्रयत्न आहे.

किर्लोस्करवाडी : माणसे आधी, पदे नंतर

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मुंबईत यंत्ररेखाटनाचे शिक्षक म्हणून नोकरी केल्यानंतर ते पुन्हा बेळगावी परतले व त्यांनी वैरण कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांकडे लक्ष वळविले. लोखंडाने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता व पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसली. कालांतराने स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

संघटनशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आरंभीची कामाची वाटणी. तेथे आधी पदे निर्माण करून नंतर माणसे नेमली गेली नाहीत. जी माणसे बरोबर आली, त्यांच्या गुणांभोवती कामे आकाराला आली. वडील बंधू रामुअण्णा यांनी वसाहतीची आखणी व देखरेख पाहिली. शंभूराव जांभेकर यांचा ओढा कारखान्यातील तांत्रिक कामाकडे होता, के. के. कुलकर्णी यांनी व्यवस्थापन व विक्री सांभाळली, मंगेशराव रेगे यांनी कचेरी व हिशेब, तर शाळा सोडून आलेले अनंतराव फळणीकर यंत्रांत रमले. पुतणे शंकरराव यांनी प्रसिद्धीचे काम हाती घेतले. यांतील बहुतेकांजवळ त्या त्या कामाची पदवी नव्हती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वाडीच्या राखणीची जबाबदारी सोपविण्यात आली होती, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. (याच संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली व तिच्यावरून १९५७ मधील 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटाची कल्पना सुचली, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.)

या रचनेला केंद्रित म्हणावे की विकेंद्रित? भांडवल कोठे घालावे व काय बनवावे हे लक्ष्मणराव ठरवीत. त्या अर्थी ती पूर्णपणे केंद्रित होती. परंतु ओतकाम कसे करावे, गिऱ्हाइकाला काय सांगावे, वाडीतील पाण्याची व्यवस्था कशी असावी हे निर्णय त्या त्या माणसाचे होते. अशी व्यवस्था टिकण्यास दोन गोष्टी कारणीभूत होत्या. पहिली, सर्वजण हाकेच्या अंतरावर राहत असत. त्यामुळे वर अहवाल पाठविण्याची व खाली आदेश उतरविण्याची गरजच कमी होती. दुसरी, प्रत्येकाच्या कामाचे फळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळविण्यात आल्या. असा निर्णय एखाद्या खरेदी समितीकडून होणे अवघड होते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. भागधारक आले, संचालक मंडळ आले, वार्षिक ताळेबंद आला. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिकही सुरू झाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याची व पुढील 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) यांची नोंद आहेच. पण व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने ते वेगळ्या अंगाने पाहावे. कारखाना वाढला, गिऱ्हाईक व भागधारक दूर गेले, तोंडी बोलून भागेनासे झाले, त्या क्षणी संघटनेला लिखित संवादाची गरज भासली. आकार वाढल्यावर संवादाची साधने बदलावी लागतात याचे इतके स्पष्ट मराठी उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. शंतनुराव किर्लोस्कर (१९०३-१९९४) १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. नांगर व चरकांबरोबर पंप आले आणि नंतर यंत्रहत्यारे, विजेच्या मोटारी व डिझेल इंजिने यांचा विचार सुरू झाला. आल्फ्रेड चँडलर याने १९६२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार उत्पादनांत विविधता आली की उद्योग एकाच कंपनीत स्वतंत्र विभाग पाडतो. धोरण बदलले की रचना बदलते. किर्लोस्करांनी तसे केले नाही. त्यांनी विभागांऐवजी स्वतंत्र कंपन्या काढल्या : १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व त्याच वर्षी बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक. चँडलरचा सिद्धांत येथे चुकला असे म्हणता येणार नाही, मात्र तो अपुरा पडतो. भारतात त्या काळी भांडवल प्रत्येक ठिकाणी नव्याने उभारावे लागे, संस्थाने आपापल्या हद्दीत उद्योग यावेत म्हणून सवलती देत आणि व्यवस्थापकीय अभिकर्त्याच्या पद्धतीमुळे (ती १९७० मध्ये रद्द झाली) एकाच कुटुंबाला अनेक कंपन्यांचा कारभार पाहणे कायद्याने शक्य होते. रचना धोरणापाठोपाठ जाते हे खरेच; पण ती कायद्याच्या व भांडवलाच्या वाटेनेच जाते.

संस्थानी स्वराज्याचा प्रयोग

कुंडल हा औंध संस्थानाचा एक तालुका होता. २१ जानेवारी १९३९ रोजी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र आप्पासाहेब पंत यांचा पुढाकार होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचे श्रम होते. फ्रीडमन त्यापूर्वी बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे व्यवस्थापक होते. कारखाना चालविलेल्या माणसाने गावपंचायतींची रचना करण्यास हातभार लावावा, यात निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर ठेवण्याची एक व्यवस्थापकीय दृष्टीही दिसते. १९४३ नंतर याच भूमीत प्रतिसरकारच्या कुंडल गटाने जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली काम केले. पुढे येथे सहकारी कारखाना निघाला तेव्हा सभा घेणे, ठराव करणे, गटवार काम वाटून घेणे या गोष्टी गावाला नव्या नव्हत्या. या वारशाचे मोजमाप करणे अवघड असले तरी तो नाकारता येत नाही.

सहकारी साखर कारखाना : कायद्याचा तक्ता व शेतातला तक्ता

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेतील अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. कलम २७ नुसार सभासदाचे भाग कितीही असले तरी मत एकच. दहा गुंठ्यांचा ऊस लावणारा व दहा एकरांचा ऊस लावणारा मतपेटीपाशी सारखे असतात. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यात बदल होऊन संचालकांची कमाल संख्या २१ ठरली. (त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतील सहकारी संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरविला, राज्याचा कायदा मात्र राज्याचाच आहे.) संचालक मंडळ अध्यक्ष निवडते. कार्यकारी संचालक हा पगारी तज्ज्ञ असतो व त्याच्या हाताखाली चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, मुख्य शेतकी अधिकारी, चीफ अकौंटंट, कामगार अधिकारी असे विभागप्रमुख काम करतात. येथपर्यंत तक्ता नीट आहे.

आता प्रत्यक्ष निर्णय पाहू. कारखान्याचा सर्वांत मोठा खर्च उसाच्या दराचा. तो ठरविण्याचा अधिकार मंडळाला किती आहे? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ मध्ये २००९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलमागे ३५५ रुपये होता. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. साखरेची किमान विक्री किंमत केंद्र ठरविते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती किलोमागे ३१ रुपये करण्यात आली. महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा २०१८ पासून पुन्हा केंद्राकडून येऊ लागला. उसाच्या रसापासून इथेनॉल करावे की नाही, हा वरकरणी कारखान्याचा तांत्रिक निर्णय. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यावर निर्बंध घातले व ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविले. कायम कामगारांचे वेतन त्रिपक्षीय कराराने राज्यपातळीवर ठरते.

मग संचालक मंडळाकडे काय उरते? एफआरपीच्या वर किती द्यायचे, उतारा कसा वाढवायचा, कर्ज किती काढायचे, कोणते विस्तारीकरण हाती घ्यायचे आणि नोकरभरती. यांतील पहिल्या चार गोष्टींची चर्चा वार्षिक सभेत व्हावयास हवी. अनेक सभांतून विषयपत्रिका वाचली जाते, 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि तासाभरात चहा येतो, हे सभासदांना परिचित आहे. सभासद अज्ञानी आहेत म्हणून असे होते, हे नेहमीचे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही. हजारो सभासदांच्या सभेत ताळेबंदावर अर्थपूर्ण चर्चा करण्यासाठी लागणारी माहिती अहवाल हाती पडल्यापासून काही दिवसांत पचविणे सुशिक्षितालाही कठीण आहे. सायमनने सांगितलेली मर्यादा येथेही लागू पडते. निर्णय सर्वांत मोठ्या सभेच्या हाती द्यायचा आणि माहिती सर्वांत लहान वर्तुळात ठेवायची, असा हा पेच आहे.

तोडणीची चिठ्ठी

सभासदाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय सभेत होतच नाही. तो गट कार्यालयात होतो : आपला ऊस कधी तुटणार?

या निर्णयाचे स्वरूप थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. शेतकरी लागणीची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात करतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो व सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांचा कालावधी क्रमाने कमी. शेतकी विभाग लागणीच्या तारखा व जाती पाहून तोडणी कार्यक्रम आखतो. चिटबॉय तोडणीची चिठ्ठी देतो आणि टोळी शेतात उतरते. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने घटत असल्याने तो चोवीस तासांत गव्हाणीत पडणे इष्ट असते. दुसरीकडे गव्हाण रिकामी राहिली तर 'नो केन' म्हणून गाळप थांबते व बॉयलरचे इंधन वाया जाते. म्हणजे रोज किती ऊस हवा हे मिल ठरविते, कोणता ऊस पक्व आहे हे शेतकी विभाग जाणतो, रान केव्हा मोकळे हवे व पाणी किती उरले आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असते आणि गाडी कोणत्या रस्त्याने निघेल हे टोळीला कळते. चार ठिकाणी विखुरलेली माहिती एका चिठ्ठीत उतरावी लागते.

त्यात हितसंबंधांचा एक गुंता आहे. उसाचे पैसे वजनावर मिळतात; साखरेचा उतारा मात्र संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरला जातो. एखाद्याने चांगल्या उताऱ्याचा ऊस घातला तरी त्याला वेगळा दर नाही आणि कच्चा ऊस घातला तरी दंड नाही. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याचे हित आपला ऊस लवकर तुटण्यात, तर सर्वांचे मिळून हित प्रत्येकाचा ऊस पक्व होऊन तुटण्यात. नोंदीच्या तारखेचा क्रम हा या पेचावरचा तोडगा आहे. तो मोडला की संस्थेवरचा विश्वासच मोडतो, आणि म्हणूनच कारखान्याच्या निवडणुकीत ताळेबंदापेक्षा तोडणीच्या पाळीची चर्चा अधिक होते.

येथेच फेयॉलची आज्ञेची एकता ढासळते. चिटबॉयचा वरिष्ठ गट अधिकारी; पण गटातून निवडून आलेल्या संचालकाचा फोन आला की तोही एक आदेशच ठरतो. व्यावसायिक व्यवस्थापनाचे पुरस्कर्ते याला निव्वळ हस्तक्षेप म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ज्याचा ऊस खरोखरच वाळू लागला आहे त्या शेतकऱ्याला गट अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर संचालकाशिवाय दुसरे दार नसते. एकाच फोनातून दाद मिळते व वशिलाही चालतो. दोन्हींची वाट एक असल्याने बाहेरच्याला त्यांतील फरक दिसत नाही. नोंदीच्या तारखांची यादी गावात उघडपणे लावणे व पाळी बदलल्यास कारण लिहिणे हा उपाय फोन बंद करण्यापेक्षा साधा आहे. मोबाइलवर ऊसनोंदीची माहिती देण्याची सोय अनेक कारखान्यांनी केली आहे. परंतु बहुधा ती ज्याची त्याला दिसते. शेजाऱ्याची पाळी दिसत नाही तोवर शंका फिटत नाही.

अल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये असे दाखविले की असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात : आवाज उठविणे किंवा निघून जाणे. झोनबंदी उठल्यापासून ऊस उत्पादकाला हे दोन्ही मार्ग आहेत. तो सभेत बोलू शकतो, मत देऊ शकतो, किंवा शेजारच्या कारखान्याला ऊस घालू शकतो. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कारखाने दाट असल्याने दुसरा मार्ग पोकळ नाही. किर्लोस्करवाडीसारख्या कंपनीतील भागधारक भाग विकून जातो. तेथे जाणे सोपे आणि बोलणे निष्फळ. सहकारात जाणे थोडे अवघड, म्हणून बोलण्याला किंमत. या दोन संघटनप्रकारांतील खरा फरक मालकीपेक्षा येथे अधिक जाणवतो.

तक्त्याबाहेरची माणसे

ऊस तोडणारा मजूर मात्र या दोन्ही मार्गांच्या बाहेर आहे. बीड जिल्ह्यातून, तसेच जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून येणाऱ्या टोळ्यांवाचून एकही गव्हाण चालत नाही. तरीही कारखान्याच्या संघटन तक्त्यात त्यांना चौकट नाही. दक्षिण महाराष्ट्रात बहुधा कारखाना वाहनमालकाशी करार करतो व त्याला उचल देतो, वाहनमालक मुकादमाला देतो, मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला देतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, काम कारखान्याचे, करार वाहनमालकाचा, हुकूम मुकादमाचा. मुकादम पळून गेला तर वाहनमालक बुडतो. टोळीने 'खुशाली' मागितली तर ती शेतकरी देतो. आजारपणाने काम चुकले तर 'खाडा' मजुराच्या नावे पडतो. तिन्ही ठिकाणी सोसणारा वेगळा, आणि निर्णय घेणारा त्यांपैकी कोणीच नाही.

तोडणीचा दर कारखाना संघ व मजूर संघटना यांच्या वाटाघाटींतून राज्यपातळीवर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. मजुराला ओळखपत्र देण्याची व्यवस्थाही झाली. ते ओळखपत्र त्याच्या मूळ गावचा ग्रामसेवक देतो. ज्या कारखान्यासाठी तो सहा महिने ऊस तोडतो, त्याच्या दप्तरी त्याची टोळी बहुधा वाहनमालकाच्या करारानेच ओळखली जाते.